प्रोस्टेटवाढ आणि रोगप्रतिकार यंत्रणेचे मार्कर : रक्ताच्या रिपोर्टवरून नेमकं काय कळतं?

फ्लोवाला (धागाकर्ता)

बीपीएच, म्हणजे कर्करोग नसलेली साधी प्रोस्टेटवाढ, ही वयाची आणि हॉर्मोनची भानगड असं आपण ऐकत आलो. ते चूक नाही, अपुरं आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथीच्या तुकड्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी सर्रास दिसते. त्यावरून 'हा रोगप्रतिकार यंत्रणेचा आजार आहे का' हा प्रश्न निघाला, आणि त्याच्या मागोमाग रक्तातल्या मार्करांची (दाहाची खूण मानल्या जाणाऱ्या आकड्यांची) रांग लागली : एनएलआर आणि एसआयआय (रक्तपेशींच्या संख्यांवरून काढलेले आकडे, हिशेब पुढे आहे), सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन), आयएल-६ (पेशींमधलं निरोप्या प्रथिन), लिम्फोसाइट सबसेट (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे उपप्रकार). असा रिपोर्ट पुढे करून 'यावरून प्रोस्टेट किती बिघडलंय' असं विचारणारे वाढले आहेत, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. दाह खरा आहे, पण तो ग्रंथीत आहे. रक्तात त्याचा पत्ता लागेलच असं नाही.

ग्रंथीत काय चालतं ते थोडक्यात. निरोगी प्रोस्टेटमध्ये लिम्फोसाइट मोजकेच असतात आणि त्यात सीडी८ पेशींचं (बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशींचं) पारडं जड असतं. वाढलेल्या ग्रंथीतल्या गर्दीत साधारण ७० ते ८० टक्के टी पेशी, उरलेल्यात बी पेशी आणि मॅक्रोफेज; शिवाय पारडं सीडी४ कडे (इतर पेशींना कामाला लावणाऱ्या मदतनीस टी पेशींकडे) झुकतं. या टी पेशी आयएल-१७ आणि इंटरफेरॉन-गॅमा ही सायटोकाइन, म्हणजे निरोप्या प्रथिनं, सोडतात. त्याला उत्तर म्हणून आधार-ऊतीतल्या (ग्रंथीला आधार देणाऱ्या भरावातल्या) पेशी आयएल-६, आयएल-८ आणि एफजीएफ-२ सारखे वाढ-घटक तयार करतात. हे घटक शेजारच्या पेशींना वाढवतात आणि आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतात. आधार-ऊतीतल्या पेशी स्वतःच टी पेशींसमोर प्रतिजन (टी पेशी ज्याला ओळखून चेततात तो तुकडा) मांडू शकतात, म्हणजे बाहेरचा जंतू निघून गेला तरी हे चक्र चालू राहू शकतं. पहिली ठिणगी कुठून पडते याचे उमेदवार बरेच : जुना संसर्ग, ग्रंथीच्या नळ्यांत उलटी शिरणारी लघवी, रक्तपुरवठा कमी पडणं, लठ्ठपणा आणि मेटाबॉलिक सिंड्रोम.

ऊतीदर्शी

धागा चांगला. स्लाइडच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघणाऱ्याच्या, बाजूची भर घालतो.

'क्रॉनिक इन्फ्लमेशन दिसले' एवढ्या एका ओळीचा काही उपयोग नाही. तीन गोष्टी लिहिल्या पाहिजेत : कुठे, किती, केवढं तीव्र. कुठे म्हणजे प्रोस्टेटमधल्या बारीक ग्रंथींच्या आत, त्यांच्याभोवती की आधार-ऊतीत. किती म्हणजे १० टक्क्यांहून कमी भाग व्यापला तर फोकल, १० ते ५० टक्के मल्टिफोकल, त्यापुढे डिफ्यूज. तीव्रतेत, पेशी सुट्या सुट्या दिसल्या तर ग्रेड १, एकमेकींना चिकटून चादरीसारख्या पसरल्या पण ऊती शाबूत असली तर ग्रेड २, ऊतीची नासधूस किंवा लिम्फॉइड गाठी (लिम्फोसाइटांचे घट्ट पुंजके) असल्या तर ग्रेड ३. दुसरी पद्धत इरानी स्कोअरची. त्यात व्याप्ती वेगळी आणि अस्तर किती फुटलंय ते वेगळं, दोन्ही ० ते ३ मोजतात.

प्रत्यक्षात दिसतं ते असं : गोल, गर्द निळी केंद्रकं ग्रंथीच्या नळीभोवती कड्यासारखी जमलेली, त्यातल्या काही अस्तरात घुसलेल्या, आणि तिथलं उंच अस्तर चपटं पडून एका थरावर आलेलं. जवळपास बरेचदा कॉर्पोरा अमायलेसिया, म्हणजे वर्तुळावर वर्तुळ चढलेले तपकिरी खडे. त्यात लॅक्टोफेरिन आणि कॅलप्रोटेक्टिन सापडतं. ही न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची प्रथिनं, म्हणजे तिथे कधीतरी तीव्र दाह होऊन गेल्याची खूण.

चुका कुठे होतात? टीयूआरपीचे (मूत्रमार्गातून प्रोस्टेट खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रियेचे) तुकडे विजेच्या तारेने कापलेले असतात. कडेच्या जळक्या पट्टीत केंद्रकं लांबट, काळपट होतात आणि लिम्फोसाइट ओळखूच येत नाहीत. ती पट्टी मोजणीतून वगळायची. दुसरं, शस्त्रक्रियेआधी कॅथेटर असेल तर मूत्रमार्गालगतच्या भागात त्याने दाह होतोच. तो बीपीएचच्या खात्यावर मांडला की अभ्यासच फसतो. तिसरं, बायोप्सी बहुतेक बाहेरच्या पेरिफेरल झोनमधून घेतात आणि बीपीएच वाढतं मूत्रमार्गाभोवतीच्या ट्रान्झिशन झोनमध्ये. एकीकडचा दाह दुसरीकडे असेलच असं नाही.

खवचट

म्हणजे ज्याचं ऑपरेशन झालं त्याचाच दाह मोजता येतो, आणि ज्याचं झालं त्याला मोजून आता उपयोग नाही. छान.

ऊतीदर्शी

@खवचट, बोचरं आहे पण बरंचसं खरं आहे. अपवाद औषधांच्या मोठ्या चाचण्यांतल्या बायोप्सींचा. एमटीओपीएस चाचणीत (२००३ साली निकाल आले, तीन हजारांवर पुरुष) काही जणांची सुरुवातीलाच बायोप्सी झाली होती. ज्यांच्यात दाह होता त्यांची ग्रंथी सरासरीने मोठी होती, आणि पुढे आजार वाढण्याचं, लघवी तुंबण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. ड्युटॅस्टराइडच्या (प्रोस्टेट आकसवणाऱ्या औषधाच्या) रिड्यूस चाचणीत मात्र जुनाट दाह तीनचतुर्थांशाहून अधिक जणांत होता आणि लक्षणांच्या गुणांशी त्याचा संबंध अगदीच पुसट. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. लक्षणं मूत्राशयावरही अवलंबून असतात, लघवी तुंबण्याचा धोका वेगळा.

फ्लोवाला

आता रक्ताकडे येऊ.

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. न्यूट्रोफिल ४.२ आणि लिम्फोसाइट २.१ (दोन्ही हजारांत, दर मायक्रोलिटरला) असतील तर एनएलआर २. एसआयआयमध्ये त्यालाच प्लेटलेटने गुणायचं : प्लेटलेट २५० हजार असतील तर २५० × २ = ५००. टक्केवारीवरून काढलं तरी एनएलआर तेवढाच येतो, कारण भाजक एकच. एसआयआयसाठी प्लेटलेटचा खरा आकडा लागतो. ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या नेहमीच्या नळीत) काहींच्या प्लेटलेट गुठळ्या करतात आणि यंत्र त्या कमी मोजतं, मग एसआयआय खोटा कमी येतो. स्मीअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) गुठळ्या दिसल्या तर सायट्रेट नळीत पुन्हा मोजणी.

हे आकडे कशाने हलतात? स्टिरॉइडची गोळी न्यूट्रोफिल वर आणि लिम्फोसाइट खाली नेते. धूम्रपान, दात पिकणं, सर्दी-ताप, भरपूर व्यायाम, मधुमेह, मानसिक ताण, इतकंच काय सकाळ-संध्याकाळचा कॉर्टिसोलचा चढउतारही. प्रोस्टेट या गर्दीत कुठे उभं आहे ते ओळखणार कसं? हाय-सेन्सिटिव्ह सीआरपीचंही (सीआरपीच्या जास्त बारीक मोजणीचंही) तेच. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आला तर तो जुनाट दाहाचा आकडा मानायचाच नाही. दुसरं काही चालू आहे का ते बघून दोनेक आठवड्यांनी पुन्हा करायचा. शिवाय पोट सुटलेल्या माणसात सीआरपी चरबीमुळेच चढलेला असतो, आणि लठ्ठपणा व प्रोस्टेटवाढ हातात हात घालून चालतात. संबंध दिसतो तो बऱ्याचदा या तिसऱ्याचा, लठ्ठपणाचा.

लिम्फोसाइट सबसेटमध्ये वयाचा सापळा आहे. वय वाढतं तसं नवख्या टी पेशी घटतात, सीडी२८ हे पृष्ठभागावरचं प्रथिन गमावलेल्या सीडी८ पेशी वाढतात. प्रोस्टेटही वयानेच वाढतं. सत्तरीच्या रुग्णांची तुलना पन्नाशीच्या निरोगी पुरुषांशी केली की 'बीपीएचचा मार्कर' हमखास सापडणार!

नमुनेदार

प्रयोगशाळेच्या बाजूने दोन शब्द, कारण सायटोकाइनचे निम्मे घोळ नळीतच होतात.

आयएल-८ रक्तात असताना लाल पेशींना चिकटून बसतं. नमुना फुटला (हिमोलिसिस झाला) की ते सीरममध्ये उतरतं आणि आकडा फुगतो. नळी टेबलावर पडून राहिली तर पांढऱ्या पेशी तिथेच आणखी आयएल-८ सोडतात. म्हणून तास-दोन तासांत सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) किंवा प्लाझ्मा (न गोठवता वेगळा केलेला द्रव) वेगळा, लहान लहान भाग करून उणे ८० अंशांवर, आणि एक भाग एकदाच वितळवायचा. रुग्णांचे नमुने प्लाझ्मात आणि निरोगी गटाचे सीरममध्ये असला प्रकार तर करूच नये. गोठताना प्लेटलेटमधून टीजीएफ-बीटा (आणखी एक सायटोकाइन) बाहेर पडतं, त्यामुळे सीरममध्ये ते कायम चढं दिसतं.

प्रोस्टेटच्या जवळचा द्रव हवा असेल तर वीर्य. त्यातलं आयएल-८ प्रोस्टेटच्या दाहाचा त्यातल्या त्यात बरा मार्कर मानतात. नमुना अर्धा तास पातळ होऊ द्यायचा, सेंट्रिफ्यूज करायचा, वरचा द्रव घ्यायचा. इथे नेहमीची चूक म्हणजे तो न विरळता एलायझा (प्रथिन मोजण्याच्या चाचणीच्या) प्लेटवर घालणं. वीर्यातलं प्रमाण रक्तापेक्षा इतकं जास्त असतं की आकडा प्रमाण-वक्राच्या (ठाऊक प्रमाणांवरून आखलेल्या मोजपट्टीच्या) वर जातो आणि यंत्र नुसतं 'अधिक' म्हणून सोडून देतं. दोन-तीन वेगवेगळ्या विरलनांत लावावं. विरलनाच्या पटीने गुणून काढलेले मूळ आकडे जुळले नाहीत तर ती प्लेट बाद.

फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचे प्रकार एकेक करून मोजण्याच्या तपासणीसाठी) रक्त खोलीच्या तापमानालाच ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही. आणि टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष संख्या मागायचीच. सीडी४ 'टक्क्यांनी वाढल्या' असं दिसतं तेव्हा कित्येकदा बी पेशी किंवा एनके पेशी (हे लिम्फोसाइटांचेच इतर प्रकार) कमी झालेल्या असतात, सीडी४ जागच्या जागीच असतात.

पी_मूल्य

रांगेत आणखी एक प्रकार आहे, आणि हल्ली तोच जास्त फिरतो : मेंडेलियन रँडमायझेशन. 'अमुक रोगप्रतिकार पेशींमुळे बीपीएच होतं, जनुकीय पुराव्याने सिद्ध' असे मथळे त्यातून येतात. जरा सविस्तर लिहितो.

कल्पना उत्तम आहे. जनुकीय फरक जन्माच्या आधीच वाटले जातात, त्यामुळे वय, वजन, धूम्रपान यांचा गोंधळ टळतो. ज्या फरकांमुळे अमुक पेशी जास्त असतात ते फरक असलेल्या पुरुषांत बीपीएचही जास्त आहे का, एवढंच तपासायचं.

पेशींची माहिती बहुधा २०२० च्या सार्डिनियातल्या अभ्यासातून घेतात. ३,७५७ माणसं, ७३१ लक्षणं. त्यातली ११८ प्रत्यक्ष संख्या, १९२ सापेक्ष प्रमाणं, ३८९ पेशीपृष्ठावरच्या प्रथिनांच्या चमकेची मापं आणि ३२ आकाराशी संबंधित. म्हणजे निम्म्याहून जास्त 'मार्कर' पेशी किती आहेत हे सांगतच नाहीत, अमुक पेशीवर अमुक प्रथिन किती दाट आहे ते सांगतात. मथळा लिहिणाऱ्याला हा फरक बहुधा ठाऊक नसतो. बीपीएचची माहिती अनेकदा फिनलंडच्या फिनजेन या जनुकं आणि आजारांच्या नोंदींच्या साठ्यातून, रुग्णालयीन नोंदींवरून येते.

आता हिशेब. ७३१ चाचण्या ०.०५ च्या उंबरठ्यावर (पी, म्हणजे संबंध नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली) केल्या तर काहीही संबंध नसताना ३६-३७ 'निकाल' नुसत्या योगायोगाने मिळतात. बॉनफेरोनीने (उंबरठ्याला चाचण्यांच्या संख्येने भागण्याच्या दुरुस्तीने) उंबरठा ०.०५ ÷ ७३१, म्हणजे सुमारे ०.००००६८. लक्षणं एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे हे जरा कडक होतं, पण निदान एफडीआर (खोट्या निकालांचं प्रमाण आवरणारी जरा सैल दुरुस्ती) तरी लावलेला हवा. पेपरमध्ये 'आम्हाला २० पेशीप्रकार कारणीभूत आढळले' असं असेल आणि सुधारित पी कुठेच नसेल तर पुढे वाचू नका.

याहून खोल गोची अशी की, नमुना लहान असल्यामुळे जनुकीय खुणा निवडताना नेहमीचा ५×१०⁻⁸ हा उंबरठा सोडून १०⁻⁵ वर येतात. संपूर्ण जनुकसंचात ढोबळमानाने दहा लाख स्वतंत्र चाचण्या धरल्या तर या उंबरठ्यावर दहाएक खुणा निव्वळ योगायोगाने निवडल्या जातात. एका लक्षणाला वीसेक खुणा वापरल्या असतील तर त्यातल्या किती खऱ्या, ते तुम्हीच ठरवा. मग लेखक छातीठोकपणे लिहितात, 'सर्व खुणांचा एफ-आकडा (खुणेचं बळ दाखवणारा आकडा, इथे झेडचा वर्ग) १० च्या वर आहे, म्हणून त्या भक्कम आहेत.' अहो, पी १०⁻⁵ असेल तर झेड ४.४ च्या आसपास आणि त्याचा वर्ग १९.५. निवडीनेच एफ १० च्या वर गेलेला आहे, त्याचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही.

खवचट

हे पहिल्यांदाच कोणीतरी सरळ लिहिलं. मग यातून काहीच घ्यायचं नाही का?

पी_मूल्य

घ्यायचं, पण चाळून. चाळण्या या : एमआर-एगर आणि वेटेड मीडियन (काही खुणा सदोष असल्या तरी चालणाऱ्या पर्यायी हिशेबपद्धती) दोन्हींची दिशा आयव्हीडब्ल्यू या मुख्य हिशेबासारखीच आहे का. सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए पट्टा (रोगप्रतिकार जनुकांचा दाट भाग) काढून टाकल्यावर निकाल टिकतो का, कारण तिथली एकेक खूण डझनभर रोगप्रतिकार लक्षणांना हात लावते. उलट दिशेने, म्हणजे बीपीएचकडून पेशीकडे, काही दिसतं का. आणि वेगळ्या लोकसमूहातल्या बीपीएच माहितीवर तोच निकाल पुन्हा मिळतो का.

शिवाय परिणामाचा आकार. ऑड्स रेशो (आजाराची शक्यता किती पट होते तो आकडा) १.०४ असेल तर तो पेशीलक्षणात एक प्रमाण-विचलन वाढीमागे असतो. खरा असला तरी एका माणसाच्या रिपोर्टवरून भाकीत करायला निरुपयोगी. औषधाचं लक्ष्य शोधायला मात्र उपयोगी पडू शकतो, हे दोन वेगळे उपयोग आहेत. आणि रुग्णालयीन नोंदीत 'बीपीएच नाही' याचा अर्थ त्या माणसाच्या नावावर तसं निदान नोंदलेलं नाही, इतकाच. शवविच्छेदनांत साठीतल्या निम्म्याच्या आसपास पुरुषांत बीपीएचच्या गाठी दिसतात. म्हणजे नियंत्रण गटातही ते आहेतच.

धारवाला

रुग्णाच्या बाजूने बोलतो. वरचं सगळं मान्य, पण उपचार कशावर ठरतात ते इथे आलंच नाही.

आयपीएसएस, म्हणजे लघवीच्या लक्षणांना गुण देणारी प्रश्नावली : सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. तीन दिवसांची लघवीची वही, वेळ आणि मिलिलिटर दोन्हींसकट. ही वही फार कमी लेखली जाते. पासष्टीपुढच्या माणसाची दिवसभरातली एकतृतीयांशाहून जास्त लघवी रात्रीच होत असेल तर रात्री उठण्याचं कारण प्रोस्टेटच्या बाहेर शोधावं लागतं : पायांवरची सूज, झोपेतला श्वासरोध, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी. युरोफ्लोमेट्रीत (धारेचा वेग मोजण्याच्या तपासणीत) किमान १५० मिलि लघवी झालेली असावी, त्याहून कमी असेल तर वेगाच्या आकड्यावर विसंबू नये. सर्वाधिक वेग सेकंदाला १० मिलिच्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता बरीच, पण मूत्राशयाचा स्नायू थकला असेल तरीही आलेख असाच येतो. मग सोनोग्राफीत उरलेली लघवी आणि ग्रंथीचं आकारमान. आकारमान लांबी × रुंदी × उंची × ०.५२. ४.८, ४.२ आणि ४.५ सेंमी असेल तर सुमारे ४७ मिलि. ग्रंथी ३० मिलिच्या वर आणि पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) १.५ च्या वर असेल तर पुढे आजार वाढण्याची शक्यता जास्त धरतात.

या यादीत एनएलआर नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

पीएसए मात्र एका अर्थाने दाहाचाही मार्कर आहे. तीव्र प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेटचा दाह) किंवा मूत्रसंसर्गात तो भरमसाट चढतो. बरं झाल्यावर सहा-आठ आठवडे थांबून मगच मोजावा. फिनॅस्टराइड किंवा ड्युटॅस्टराइड (दोन्ही प्रोस्टेट आकसवणाऱ्या गोळ्या) सहा महिने चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो, म्हणून दुप्पट करून वाचायचा. आणि या गोळ्या चालू असताना आकडा खालून पुन्हा वर सरकायला लागला तर 'नॉर्मलमध्येच आहे' म्हणून सोडून देऊ नये.

रानवाटा

दाहच मूळ असेल तर दाहशामक गोळ्या का चालत नाहीत? सेलेकॉक्सिबचे छोटे अभ्यास आहेत, रात्री उठणं कमी झाल्याचे.

धारवाला

आहेत, पण थोड्या आठवड्यांचे आणि थोड्या माणसांवरचे. बीपीएच वर्षानुवर्षं चालतं. सत्तरीच्या माणसाला रोज एनएसएआयडी (सेलेकॉक्सिबसारखी स्टिरॉइड नसलेली दाहशामक गोळी) म्हणजे मूत्रपिंड, जठर, रक्तदाब, हृदय, सगळ्यांशी भांडण. त्यातून एक उलटा धोकाही आहे. मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचन पावायला प्रोस्टाग्लँडिन मदत करतात आणि या गोळ्या नेमक्या त्याच अडवतात. एनएसएआयडी घेणाऱ्या पुरुषांत लघवी अचानक तुंबण्याचं प्रमाण जास्त असल्याचं निरीक्षणात्मक अभ्यासात दिसलं आहे. त्याच यादीत सर्दीच्या गोळ्या, म्हणजे जुन्या पिढीची अँटिहिस्टामिन आणि नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिनसारखी औषधं. उरलेली लघवी जास्त असलेल्या माणसाने यांच्या वाटेला जाऊ नये.

सॉ पामेटोबद्दलही (एका ताडवर्गी झाडाच्या फळांच्या अर्काबद्दलही) विचारलं जाईल म्हणून आत्ताच लिहितो. दाह कमी करतं या नावाखाली ते विकलं जातं. २०११ च्या कॅमस चाचणीत नेहमीच्या डोसच्या तिप्पटपर्यंत दिलं, प्लॅसिबोपेक्षा सरस ठरलं नाही. हेक्झेन या द्रावकाने काढलेल्या अर्काबद्दल युरोपीय मार्गदर्शिका थोडी मवाळ आहे, पण परिणाम किरकोळच असतो हेही ती सांगते.

फ्लोवाला

@रानवाटा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं जास्त रोचक उत्तर टीएनएफ या दाह भडकवणाऱ्या सायटोकाइनमध्ये आहे. २०२२ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या कामात स्वयंप्रतिकार आजार (रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असलेल्या पुरुषांत बीपीएचचं निदान जास्त आढळलं, आणि त्यांच्यातल्या टीएनएफ-रोधक औषधं घेणाऱ्यांत ते कमी. उंदरांत हीच औषधं दिल्यावर प्रोस्टेटमधली वाढही घटली. माणसांचा भाग जुन्या नोंदींवरचा आहे, त्यामुळे 'बीपीएचसाठी टीएनएफ-रोधक घ्या' असा अर्थ काढू नये. ही औषधं क्षयासारखे दबलेले संसर्ग उठवू शकतात. नुसत्या बारीक धारेसाठी तो सौदा परवडणारा नाही. पण संधिवातासाठी ती घेणाऱ्यांच्या प्रोस्टेटचं काय होतं, हे पुढच्या काळात नीट मोजलं पाहिजे.

ऊतीदर्शी

एका ठिकाणी मात्र रोगप्रतिकार मार्कर थेट उपचार बदलतो, ते राहिलं : आयजीजी४ (एका प्रकारचं प्रतिपिंड) संबंधित प्रोस्टेटायटिस. दुर्मीळ आहे. लक्षणं हुबेहूब बीपीएचची, अल्फा-ब्लॉकरने (लघवीची वाट सैल करणाऱ्या नेहमीच्या गोळीने) फरक नाही, आणि सोबत स्वादुपिंड, लाळग्रंथी किंवा मूत्रपिंडाचा काही इतिहास. सीरम आयजीजी४ डेसिलिटरला १३५ मिलिग्रॅमच्या वर असेल आणि ऊतीत आयजीजी४ प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी) एकूण आयजीजी पेशींच्या ४० टक्क्यांहून जास्त, चक्राकार तंतुमयतेसकट, तर विचार करावाच लागतो. स्टिरॉइडने लक्षणं झपाट्याने उतरतात. पण आधी कर्करोग नाकारून, नुसत्या सीरमच्या आकड्यावर कधीच नाही.

आणि नमुना पाठवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. फॉर्मवर चार गोष्टी लिहा : कॅथेटर किती दिवस होता, गेल्या दोन महिन्यांत संसर्ग झाला का, फिनॅस्टराइड किंवा ड्युटॅस्टराइड किती काळ चालू आहे, मूत्राशयात बीसीजी (मूत्राशयाच्या कर्करोगावर उपचार म्हणून) दिलं होतं का. बीसीजीनंतर प्रोस्टेटमध्ये ग्रॅन्युलोमा (क्षयात दिसतात तसे दाहपेशींचे पुंजके) दिसतात. ते माहीत नसेल तर आम्ही क्षयाच्या मागे लागतो आणि रुग्ण विनाकारण तपासण्यांच्या फेऱ्यात अडकतो.